व्हॉल्व्हचं स्टँडर्ड की पाइपलाइनचं जाळं दाखवणारं सॉफ्टवेअर? साहेबांनी तुलना मागितली आहे

पावणे_प्लॅनर | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. मी नवी मुंबईत पावण्यात एका केमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्स प्लॅनिंग बघतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेबांना एक पान लिहून द्यायचंय आणि त्या पानाचा विषयच मला नीट मांडता येत नाहीये, म्हणून इथे आलो.

घडलं ते असं. कूलिंग वॉटरच्या हेडरवरचा, म्हणजे मुख्य पाइपवरचा, एक हीट एक्स्चेंजर साफसफाईला काढायचा होता. रविवारचं शटडाऊन, हाताशी आठ तास. इनलेट-आउटलेटचे आठ इंची गेट व्हॉल्व्ह बंद केले, ड्रेन उघडला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, ड्रेनची धार काही थांबेना. इनलेटचा व्हॉल्व्ह पास होत होता. त्याच्या मागचा बंद करू म्हटलं, तर मागचा म्हणजे नेमका कुठला, यावर पंपहाउससमोर तिघांची तीन मतं. ड्रॉइंगवर एक दिसत होता, जागेवर तिथे टी मारून दुसरीच लाइन नेलेली. शेवटी मेन हेडर बंद केला, सगळा ब्लॉक थांबला, आणि फ्लँज खुलायला दुपारचे साडेतीन वाजले.

नंतरच्या मीटिंगमध्ये दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, व्हॉल्व्ह एपीआय ५९८ या चाचणीच्या स्टँडर्डप्रमाणे टेस्ट करून घ्या, थर्ड पार्टी उभी करा, पैसे तिथे घाला. दुसऱ्या बाजूला आमचा एक नवा इंजिनिअर. त्याने लॅपटॉपवर गेफी या जाळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं कूलिंग वॉटरचं जाळं दाखवलं, निळे-केशरी ठिपके, मध्ये रेषा. दिसायला फार सुंदर होतं. साहेब म्हणाले, दोन्हींची तुलना करून एका पानावर द्या, यंदा एकालाच पैसे मिळतील.

तुलना करायची तर कोणत्या निकषावर? मला खरंच कळत नाहीये.

वळवाचा_पाऊस | रविवार, रात्री ११:०५

ही वडाची साल पिंपळाला लावणं आहे. एक कागदी नियम, एक चित्र काढायचं साधन. साहेबांना तसं स्पष्ट सांगा.

हायड्रोटेस्ट | सोमवार, सकाळी ६:५०

स्पष्ट सांगून सुटणार नाही, कारण साहेबांचा प्रश्न त्या रविवारच्या आठ तासांतून आलाय आणि तो खरा आहे.

मी रबाळ्यात एका व्हॉल्व्ह कारखान्यात टेस्टिंगला आहे, २६ वर्षं झाली. तुमच्या मीटिंगमध्ये ‘पास’ हा शब्द कोणी कुठल्या अर्थाने वापरला ते आधी आठवून बघा. आमच्या बेंचवर पास म्हणजे टेस्टला उतरला. तुमच्या प्लँटमध्ये पास होतोय म्हणजे बंद करूनही पाणी सोडतोय. एकच व्हॉल्व्ह दोन्ही अर्थांनी पास असू शकतो, आणि तुमचा बहुधा तसाच आहे.

एपीआय ५९८ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं व्हॉल्व्हच्या तपासणी आणि चाचणीचं स्टँडर्ड. व्हॉल्व्ह बनवायचा कसा ते त्यात नाही. स्टीलच्या गेट व्हॉल्व्हच्या बनावटीला एपीआय ६००, छोट्या फोर्ज्ड व्हॉल्व्हना ६०२, दाब आणि तापमानाच्या रेटिंगला एएसएमई बी१६.३४. ५९८ फक्त विचारतं, हा तयार व्हॉल्व्ह धरतो का.

तुमचा आठ इंची, क्लास १५०, डब्ल्यूसीबी, म्हणजे कार्बन स्टीलच्या कास्टिंगचा धरू. आधी शेल टेस्ट, म्हणजे बॉडीची. ३८ अंशांना त्याचं रेटिंग १९.६ बार, दीडपट २९.४, म्हणून आम्ही ३० बार चढवतो आणि १२० सेकंद धरतो. बॉडीला, बॉनेटच्या जॉइंटला कुठेही ओल दिसता कामा नये. मग बॅकसीट, म्हणजे पूर्ण उघडल्यावर स्पिंडलपाशी धरतो का. मग सीट टेस्ट, म्हणजे बंद केल्यावर धरतो का, ४ ते ७ बार हवेवर, पुन्हा १२० सेकंद, बुडबुडे मोजत. मेटल सीटच्या ८ ते १२ इंची गेट व्हॉल्व्हला मिनिटाला ४० बुडबुडे माफ आहेत. पाण्यावर ११० टक्के दाबाची सीट टेस्ट मागितली तर मिनिटाला २० थेंब माफ. सॉफ्ट सीट असेल तर शून्य.

हे आकडे पुन्हा वाचा. कोरा व्हॉल्व्ह, साफ सीट, स्वच्छ पाणी, तरी स्टँडर्ड थोडं गळणं धरून चालतं. एनआरव्हीला, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हला, तर मिनिटाला इंचामागे ३ मिलिलिटर, म्हणजे आठ इंचीला २४. ५९८ च्या हिशोबात १६ थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तेव्हा गेटचे २० थेंब म्हणजे सव्वा मिलिलिटर. एनआरव्हीला सुमारे १९ पट सूट आहे. ‘पुढे एनआरव्ही आहे ना, उघडा फ्लँज’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा आकडा दाखवा.

आणि हे सगळं आमच्या गेटमधून बाहेर पडतानाचं. तुमचा व्हॉल्व्ह त्यानंतर किती वर्षं कूलिंग वॉटरमध्ये बसलाय? सीटखाली गाळ असेल, वेजवर, म्हणजे आतल्या पाचरीवर, खवले धरले असतील. टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, खोटी नाही, टीसी त्या दिवसाची आहे. वापरलेले गेट, ग्लोब, चेक व्हॉल्व्ह दुरुस्त करून पुन्हा बसवायला एपीआय ६२१ हा वेगळा कागद आहे, तो तुमच्या वर्कशॉपमध्ये आहे का बघा.

पावणे_प्लॅनर | सोमवार, सकाळी ८:१५

काका, ११ वर्षं. ६२१ आमच्याकडे नाही.

डिप्लोमा_फायनल | सोमवार, दुपारी १:३०

मध्येच विचारतो, माफ करा. मी ठाण्यात मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. क्लास १५० म्हणजे १५० बार असं मी समजत होतो. मग १९.६ कुठून आलं?

हायड्रोटेस्ट | सोमवार, रात्री ८:२०

विचारलंस ते बरं केलंस. क्लास हे नाव आहे, दाब नाही. दाब ठरतो मटेरियल आणि तापमानावर. डब्ल्यूसीबीचा क्लास १५० व्हॉल्व्ह ३८ अंशांना १९.६ बार घेतो, २०० अंशांना १३.८, ४०० अंशांना जेमतेम ६.५. क्लास ३०० चा ३८ ला ५१.१ आणि ४०० ला ३४.७. एकच कास्टिंग, पण गरम होत गेलं तसं त्याचं बळ उतरतं. नेमप्लेट वाचताना तापमान विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाफेच्या लाइनवर काम करशील तेव्हा आयबीआरचा, म्हणजे बॉयलरच्या नियमांतला, फॉर्म तीन-सी पण मागायचा.

ठिपकेरेषा | सोमवार, रात्री ११:४५

मी ऐरोलीत डेटाचं काम करते, व्हॉल्व्ह हातात घेतलेला नाही. हायड्रोटेस्ट काकांचं वाचून दुसरी बाजू लिहावीशी वाटली.

गेफी २००८ साली फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आणलं. सायटोस्केप २००२ चं, अमेरिकेतल्या सिएटलचं, मुळात पेशीतली प्रथिनं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत ते बघायला. ग्राफविझ एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतून आलं. स्लोव्हेनियातलं पाजेक १९९६ पासून आहे, आणि त्यांच्या भाषेत पाजेक म्हणजे कोळी, जाळं विणणारा. मला ते नाव फार आवडतं. यांतल्या कोणालाही पाणी, दाब, गंज यांतलं काही माहीत नाही. त्यांना ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एवढंच कळतं.

आता मीटिंगमधल्या सुंदर चित्राबद्दल. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो तेव्हा ठिपक्याची जागा आधी ठरलेली असते. इथे उलट आहे. गेफीतला फोर्सअ‍ॅटलस२ हा लेआउट ठिपक्यांना एकमेकांपासून ढकलतो, रेषा त्यांना स्प्रिंगसारख्या ओढतात, आणि ओढाताण करत ते कुठेतरी स्थिरावतात. तो आपणहून थांबत नाही, आपण बटण दाबून थांबवतो. सुरुवातीच्या जागा वेगळ्या पडल्या की चित्रही वेगळं. चित्रात दोन व्हॉल्व्ह शेजारी दिसले म्हणून जागेवर ते शेजारी असतील असं नाही, आणि लांब रेषा म्हणजे लांब पाइप नव्हे. काकांच्या बेंचवर तोच व्हॉल्व्ह दोनदा चढवला तर उत्तर सहसा बदलत नाही. इथे चित्र बदलतं, जोडणी मात्र तीच राहते. म्हणून भरवसा ठेवायचा तो जोडणीवर. कोण कोणाला जोडलंय एवढंच या चित्रातलं खरं आहे.

आणि पैशाचं म्हणाल तर गेफी, सायटोस्केप, ग्राफविझ सगळी फुकट आहेत. तुमच्या पानावर सॉफ्टवेअरसमोर शून्य लिहा.

वळवाचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ९:१०

मी पाणीपुरवठ्याच्या डिझाइनमध्ये आहे. फुकटच हवं तर ईपीएनेट का नाही? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, १९९३ पासून चालत आलेलं, पाण्याच्या जाळ्यासाठीच बनवलेलं. दाब, प्रवाह, सगळं काढून देतं.

ठिपकेरेषा | मंगळवार, सकाळी ९:५०

दाब काढायचा असेल तर तेच घ्यावं, मान्य. पण मी त्याची माहितीपुस्तिका पाहिली. प्रेशर रिड्यूसिंगसारखे व्हॉल्व्ह त्यात स्वतंत्र आहेत, साधा बंद-चालूचा गेट व्हॉल्व्ह मात्र पाइपचाच गुण धरलाय, पाइप उघडा की बंद एवढंच. यांचा प्रश्न दाबाचा नाही. हा व्हॉल्व्ह धरला नाही तर मागे कुठले बंद करायचे, आणि ते केल्यावर कोणाचं पाणी जाईल, हा आहे.

आयसोमेट्रिक | मंगळवार, रात्री १०:३०

मी बेलापूरला पाइपिंग डिझाइनमध्ये आहे, पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणारी ड्रॉइंगं, काढण्यात आणि तपासण्यात बरीच वर्षं गेली. तीन गोष्टी सांगते, पहिली सगळ्यात महत्त्वाची.

तुमच्या इंजिनिअरने व्हॉल्व्हला ठिपका केलंय ना? निळे-केशरी ठिपके म्हणजे व्हॉल्व्हच असणार. सगळे पहिल्यांदा तसंच करतात, कारण पी अँड आयडीवर व्हॉल्व्ह हे चिन्ह असतं आणि पाइप ही रेषा. पण आयसोलेशनचा, म्हणजे एखादा भाग सुटा बंद करायचा, प्रश्न सोडवताना ते उलटं करावं लागतं. टॉमस वॉल्स्की नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९९३ साली पाण्याच्या जाळ्यांसाठी हे मांडलं होतं. चारी बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केल्यावर जो तुकडा सुटा पडतो, तो पाइपचा सगळा तुकडा म्हणजे एक ठिपका. त्याला ते सेगमेंट म्हणतात, आपण खंड म्हणू. आणि दोन खंडांमधला व्हॉल्व्ह म्हणजे रेषा. असं काढलं की एक ठिपका बंद करायचा तर त्याला लागलेल्या सगळ्या रेषा बंद करायच्या, इतकं सोपं होतं.

आता यात काकांचे २० थेंब घाला. चित्रात व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे रेषा पुसली असं सॉफ्टवेअर समजतं. प्लँटमध्ये बंद व्हॉल्व्ह ही पुसलेली रेषा नव्हे, ती बारीक झालेली रेषा आहे. माणूस आत उतरणार असेल तर व्हॉल्व्हवर कोणी विसंबत नाही, ब्लाइंड, म्हणजे बंद चकती, टाकतात किंवा स्पूल, म्हणजे पाइपचा सुटा तुकडा, काढतात. तसं जमत नसेल तिथे निदान दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये ब्लीड, म्हणजे पहिला पास झाला तर पाणी ब्लीडमधून बाहेर दिसेल. रेषा खरी पुसली जाते ती स्पेक्टॅकल ब्लाइंड फिरवल्यावरच.

तिसरं, प्रत्येक रेषेचा स्वभाव लिहा. एनआरव्हीला दिशा असते. कंट्रोल व्हॉल्व्ह हवा गेली की उघडा पडतो की बंद पडतो, ते एफओ (फेल ओपन) की एफसी (फेल क्लोज) बघून लिहा. लॉक ओपन असलेल्या व्हॉल्व्हला हात लावायला परवानगी लागते, तेही नोंदवा. पी अँड आयडी टाकून देऊ नका, मात्र त्यालाही स्केल नसतं आणि तुमच्या त्या टीवरून दिसतंच की तो जुना झालाय.

हायड्रोटेस्ट | बुधवार, सकाळी ७:०५

बारीक झालेली रेषा. बाई, २६ वर्षांत मला हे असं सांगता आलं नव्हतं. टीसीवर जो मिनिटाला इतके थेंब असा रकाना असतो, तो त्या रेषेची जाडी आहे. म्हणजे आमचा कागद आणि तुमचं चित्र एकाच ओळीत बसतात.

ठिपकेरेषा | बुधवार, रात्री ९:३०

आयसोमेट्रिक ताई, हे वाचून मी पायथनमधल्या नेटवर्कएक्स या जाळ्यांच्या लायब्ररीवर लगेच करून बघितलं. युक्ती अशी: आधी सगळे व्हॉल्व्ह काढून टाकायचे, फक्त पाइप ठेवायचे. मग जे सुटे सुटे पुंजके उरतात तेच खंड. मग व्हॉल्व्ह परत घालून खंड जोडायचे. गेफीतही कनेक्टेड कंपोनंट्स काढले की पुंजके मिळतात.

आणि पास होणारा व्हॉल्व्ह असेल तर? त्याच्या दोन्ही बाजूंचे खंड एकच धरायचे. दोन ठिपके चिकटवून एक ठिपका. आता तो बंद करायला कोणते व्हॉल्व्ह लागतील ते आपोआप दिसतं. पावणेदादा, त्या रविवारी तुम्हाला हेच हवं होतं.

वळवाचा_पाऊस | बुधवार, रात्री १०:१५

हे पटतंय. पहिला प्रतिसाद मी घाईत लिहिला. एक शंका: या सॉफ्टवेअरात बिटवीननेस म्हणून आकडा येतो, तो जास्त तो व्हॉल्व्ह महत्त्वाचा असं नवी मुलं सांगतात. ते धरायचं का?

ठिपकेरेषा | बुधवार, रात्री ११:००

नका धरू, निदान एकट्याने नको. तो आकडा १९७७ साली लिंटन फ्रीमन यांनी माणसांच्या ओळखीपाळखीच्या जाळ्यासाठी मांडला. सगळ्या जोड्यांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती वाटा इथून जातात, एवढंच तो मोजतो. पाणी जवळची वाट बघून थांबत नाही, ते मिळेल त्या सगळ्या वाटांनी जातं. आणि तो आकडा काढताना मेन हेडर पहिला येणार, जो तुम्हाला आधीच माहीत आहे. त्याऐवजी एकेक व्हॉल्व्ह पास धरून बघा, खंड चिकटल्यावर किती एक्स्चेंजर जास्तीचे बंद पडतात. तो आकडा साहेबांना समजेल.

चेंदणीकर | गुरुवार, रात्री ९:४०

रोज वाचतोय, आज लिहितो. माझे बाबा ठाण्यात चावीवाले होते, ३१ वर्षं. चेंदणी, महागिरी, खारकर आळी, चरई, या भागातली सगळी चेंबरं त्यांना पाठ. कुठली चावी फिरवली की कुठल्या वाडीचं पाणी येतं आणि कोणाचं जातं, हे त्यांनी कधी कागदावर काढलं नाही. आज त्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. खंडाची गोष्ट आली तेव्हा म्हणाले, ‘यात नवीन काय? आम्ही त्याला तुकडाच म्हणायचो.’

पण थेंबांची गोष्ट आली तेव्हा गप्प झाले. मग म्हणाले, व्हॉल्व्ह बसला की नाही ते आट्यांवरून, म्हणजे चावीच्या फेऱ्यांवरून, कळतं. पाणीखात्याच्या स्लुइस व्हॉल्व्हचा त्यांचा ढोबळ हिशोब असा, जितके इंच त्याची तिप्पट, वर दोन-तीन आटे. आठ इंचीला २६-२७. चावी मोजत फिरवायची. २२ लाच घट्ट झाली तर जोर लावायचा नाही, खाली काहीतरी अडकलंय. दोन-तीन आटे परत उघडायची, पाण्याच्या झोताने गाळ निघून जातो, मग पुन्हा बंद. असं तीन-चार वेळा. जोर लावणारा नवा माणूस स्पिंडल पिळवटून ठेवतो, असं ते नेहमी सांगतात.

बनावटीप्रमाणे आटे बदलतात, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचे एकदा मोजून लिहून ठेवा असं त्यांनी मुद्दाम सांगायला लावलंय. त्यांच्या डायरीत ते लिहिलेले आहेत. ती डायरी आज इतक्या वर्षांनी त्यांनी ट्रंकेतून काढली.

आयसोमेट्रिक | गुरुवार, रात्री १०:५०

बाबांना नमस्कार सांगा. आटे हा रकाना आमच्या कुठल्याही व्हॉल्व्ह लिस्टमध्ये नसतो, मी उद्यापासून घालणार आहे.

हायड्रोटेस्ट | शुक्रवार, सकाळी ६:४०

आट्यांचं शंभर टक्के खरं. बेंचवर येणाऱ्या दुरुस्तीच्या व्हॉल्व्हमध्ये पिळलेला स्पिंडल मी कितीदा पाहिलाय. रायझिंग स्पिंडल असेल तर आणखी सोपं आहे. पूर्ण बसल्यावर स्पिंडल किती वर राहतो तिथे रंगाची खूण करा, पुढच्या वेळी लांबूनही कळेल.

पावणे_प्लॅनर | रविवार, रात्री ८:३०

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, कारण काम करत होतो. सविस्तर लिहितो.

पंपहाउसपासून सुरुवात केली. मी, एक फिटर आणि तो नवा इंजिनिअर, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर लाइन धरून चालत गेलो. चार संध्याकाळी लागल्या. ड्रॉइंगवर ५३ व्हॉल्व्ह होते, जागेवर ५८ निघाले. दोनांचे टॅग एकच होते. एक व्हॉल्व्ह लॅगिंगच्या, म्हणजे पाइपवरच्या आवरणाच्या, आत झाकला गेला होता, तो फिटरला आठवला म्हणून सापडला. प्रत्येकाचे आटे मोजता आले नाहीत, चालू लाइनवर हात लावायची परवानगी नव्हती, पण २१ चे मोजले.

मग इंजिनिअरने ठिपकेरेषा ताईंच्या युक्तीने खंड काढले. १९ निघाले. एकेक व्हॉल्व्ह पास धरून बघितलं. बहुतेकांनी एखादा एक्स्चेंजर जास्तीचा जातो, फार काही बिघडत नाही. पण नऊ व्हॉल्व्ह असे आहेत की त्यांतला एक जरी धरला नाही तरी अर्धा ब्लॉक थांबतो. त्या रविवारचा इनलेटचा व्हॉल्व्ह त्या नवांत आहे. आमच्याकडे त्या नवांच्या जुन्या टीसी होत्या, सगळ्या ५९८ च्या, सगळ्या नीट. कोणीच या नवांकडे वेगळं बघितलं नव्हतं, कारण कागदावर ५८ च्या ५८ सारखेच.

पानावर तुलना लिहिली नाही. वर लिहिलं: स्टँडर्ड एका व्हॉल्व्हबद्दल बोलतं, जाळं त्याच्या जागेबद्दल. खाली नऊ टॅग नंबर. सॉफ्टवेअरसमोर शून्य, लाइन चालायला लागलेले मनुष्यतास, आणि नऊ व्हॉल्व्ह काढून दुरुस्त करून टेस्ट करायचा खर्च. ज्या दोन जागी हेडरला वळसा आहे तिथे ब्लीडसह दुसरा व्हॉल्व्ह मागितला. साहेबांनी पान दोनदा वाचलं. नवांपैकी सहा मंजूर झाले, दुसऱ्या व्हॉल्व्हचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

आता अडलंय ते इथे. नवांपैकी कुठले सहा? शटडाऊन दोन महिन्यांवर आहे, तोवर काढून बघता येणार नाही. चालू प्लँटमध्ये कुठला व्हॉल्व्ह पास होतोय ते ओळखायचं कसं? थोडा वेळ एकेक बंद करायची परवानगी मिळेल, फ्लँज खोलायची नाही.

हायड्रोटेस्ट | रविवार, रात्री ९:१५

अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर भाड्याने मिळतो. पाण्यावर, कमी दाबाला, त्याचं उत्तर हवेइतकं ठाम नसतं, पण नवांत डावं-उजवं करायला पुरेल. पुढच्या बाजूला ड्रेन असेल तर व्हॉल्व्ह बंद करून ड्रेनखाली बादली लावा आणि घड्याळ धरा. लिटर आणि मिनिटं, बस. आधी पलीकडची बाजू बंद आहे याची खात्री करा, नाहीतर परतीचं पाणी मोजाल.

चेंदणीकर | रविवार, रात्री १०:२०

बाबांना विचारलं. ते म्हणतात गज लावा. लोखंडी गजाचं एक टोक व्हॉल्व्हच्या बॉडीवर, दुसऱ्या टोकाशी अंगठा आणि अंगठ्याला कान. रात्रीचे ते असंच ऐकायचे. बंद व्हॉल्व्ह धरत असेल तर आत शांत असतं, पास होत असेल तर सूं असा बारीक आवाज येतो. एकाच जागी ऐकून ठरवायचं नाही. आधी मागच्या पाइपवर, मग बॉडीवर, मग पुढच्या पाइपवर. बॉडीवर आवाज सगळ्यात मोठा असेल तरच तो त्या व्हॉल्व्हचा, नाहीतर लांबून पंपाचा येतोय. आणि सुरुवात पक्क्या धरणाऱ्या व्हॉल्व्हपासून करायची, म्हणजे शांत कसं असतं ते कानाला कळतं.

ते म्हणतात, लिहून समजणार नाही, मी येतो. ७१ चे आहेत, पण चालतात. ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला उतरू. चालेल का?

पावणे_प्लॅनर | रविवार, रात्री १०:३५

चालेल काय, जरूर आणा. शनिवारी रात्रीची शिफ्ट शांत असते. बाबांच्या सेफ्टी शूजचा नंबर कळवा, गेटवर नाव सांगून ठेवतो आणि स्टेशनवर गाडी पाठवतो. गज आमच्याकडे आहे.